थांबणे आणि थांबविणे

वारकऱ्याला थांबण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. आषाढीच्या दिवसांत पंढरपुरात दर्शनाची बारी मंदिरापासून निघते ती गोपाळपूरच्या रस्त्यावरील पत्राशेडपर्यंत जाते. तिच्यात दिवस जातो, रात्र जाते, आणि शेवटी देवाच्या पायांवर डोके ठेवावयास एक निमिष मिळते. तरी कोणी कुरकुरत परत येत नाही. शिवाय ज्याच्या दर्शनाला जावयाचे तो स्वतःच अठ्ठावीस युगे थांबलेला. तेव्हा धीर आणि सहनशीलता या विषयांवर बोलणे आम्हां कीर्तनकारांना फार सोपे जाते. मीही चाळीस वर्षे बोलत आलो. गेल्या मार्गशीर्षात मात्र एका म्हातारीने एका वाक्यात माझे निरूपण अडविले. तो प्रसंग आधी सांगतो. मग त्यातून उठलेल्या प्रश्नाचा विचार करू.

मला हर्नियाचा त्रास होता. दोन-दोन तास उभे राहून उंच स्वरात बोलण्याने तो वाढतच गेला. डॉक्टर म्हणाले, "महाराज, आता पूर्वीसारखे आठ दिवस खाटेवर पडावे लागत नाही. सकाळी या, ऑपरेशन होईल, संध्याकाळी घरी." जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी शहर अजून नगरच आहे. त्या नगरातील एका रुग्णालयात मी सकाळी सात वाजता हजर झालो. रात्री दहानंतर अन्न नाही, पाणी नाही, अशी ताकीद होती. तेथे आम्ही आठ जण होतो, आणि आठही जणांना सातच वाजता बोलाविले होते. बाकडी दोन. माझी माळ आणि टिळा पाहून एका तरुणाने उठून मला जागा दिली. माझ्या पायांशी, फरशीवर, पाथर्डी तालुक्यातील एक माउली बसली होती. वय पंचाहत्तरीचे, गळ्यात माळ, बेंबीपाशी हर्निया, अंगात साखरेचा आजार. यादीत तिचा क्रम चौथा होता, माझा सहावा.

तिच्याबरोबर नातू होता. तो ऊसतोडीच्या टोळीतला. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे ज्या दिवशी फडात कोयता चालला नाही त्या दिवसाचा खाडा अंगावर पडतो. एका दिवसाचा खाडा सोसून तो आजीला घेऊन आला होता.

आठ वाजले, नऊ वाजले. पहिले ऑपरेशन नवानंतर सुरू झाले. म्हातारीने पाणी मागितले. सिस्टर म्हणाल्या, "आजी, पाणी नाही प्यायचे, तुमचा नंबर केव्हाही लागेल." केव्हाही म्हणजे केव्हा, हे त्यांनाही कोणी सांगितले नव्हते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "डोळ्यापुढं अंधारी येतीया." तेव्हा मी माझ्या सवयीने बोललो, "माउली, धीर धरा. आपला पांडुरंग अठ्ठावीस युगे उभा आहे, तो कधी कंटाळला का?"

ती हसली. रागावली असती तर बरे झाले असते. हसून म्हणाली, "त्याला पुंडलिकानं ईट तरी दिली व्हती, महाराज."

मला उत्तर सुचले नाही. तेवढ्यात आतून एक कर्मचारी आला. त्याच्या गावच्या सप्ताहात त्याने माझे कीर्तन ऐकले होते. "महाराज, तुम्ही इथे बसून राहिलात? चला, तुमचे आधी घेतो." मी उठलो. मला जाता यावे म्हणून म्हातारीने आपले पाय जवळ ओढून घेतले. साडेदहाला माझे ऑपरेशन झाले.

पुढचे मला दुपारी कळले. अडीचच्या सुमारास रस्त्यावरील अपघातातला एक मनुष्य आणला गेला, आणि शस्त्रक्रियागृह त्याच्यासाठी रिकामे करावे लागले. ते योग्यच झाले. तोपर्यंत चार ऑपरेशने झाली होती: पहिल्या क्रमाचे, माझे, दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे. चौथी ती म्हातारी. दुपारी एक वाजता तिला घेरी आली होती, शिरेतून साखरेचे पाणी द्यावे लागले होते. चार वाजता उरलेल्या चौघांना आठ दिवसांनी या म्हणून सांगण्यात आले. जाताना ती माझ्या खाटेपाशी आली. "झालं ना नीट, महाराज? माझं आता आठ दिसांनी हाय," असे म्हणून तिने माझ्या पायांवर डोके ठेवले. टाक्यांमुळे मला पाय मागे घेता आले नाहीत.

वाचकहो, हा हिशोब कठीण नाही. यादीप्रमाणे चालले असते तर चौथे ऑपरेशन तिचे होते. मी तिच्या जागेवर गेलो. तिचा दिवस, तिचा उपवास आणि तिच्या नातवाचा खाडा मी घेतला. आणि ते घेण्यापूर्वी तिला धीराचा उपदेशही केला.

रुग्णालयाविरुद्ध गाऱ्हाणे म्हणून मी हे लिहीत नाही. मला पडलेला प्रश्न असा आहे: थांबणे हे जर तप आहे, तर थांबविणे हे काय आहे? एकाचे तप घडावे म्हणून दुसऱ्याने त्याला खुशाल थांबवावे, असे होईल का?

येथे कोणी शास्त्रज्ञ म्हणतील, "शम, दम, उपरति, तितिक्षा ही तर साधकाची संपत्ती. शीत-उष्ण, भूक-तहान, मान-अपमान हे चिंता आणि विलाप न करता सोसावे, हीच तितिक्षा. मग रुग्णाने चार तास सोसले तर त्यात त्याचे कल्याणच आहे." हा पूर्वपक्ष दिसावयास भक्कम आहे. परंतु तितिक्षा ही साधनसंपत्ती आहे, म्हणजे ती साधकाने स्वतः मिळवावयाची आहे. दुसऱ्याने ती त्याच्यावर लादली तर तिचे नाव निरुपाय. एकादशीला मी जेवत नाही, तो माझा उपवास. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. देवाजवळ राहणे तो उपवास. ती म्हातारी कोणाजवळ राहिली होती? वैद्यशास्त्रात अशा उपाशी राहण्याला लंघन म्हणतात. लंघन उपयोगाचे असते, पण ते मोजून द्यावयाचे असते. मोजल्यावाचून दिलेले लंघन हाही अपथ्याचाच प्रकार.

दुसरे कोणी म्हणतील, "ज्याचे त्याचे प्रारब्ध." हे वाक्य आपल्या तोंडी फार बसले आहे, म्हणून त्याची मर्यादा सांगतो. स्वतःच्या दुःखाला मनुष्याने प्रारब्ध म्हणावे. त्याने चित्त शांत होते. दुसऱ्याच्या दुःखाला प्रारब्ध म्हणण्यापूर्वी ते आपले क्रियमाण तर नाही ना, हे तपासावे. म्हातारीला हर्निया झाला हे तिचे प्रारब्ध असेल. साडेदहाला मी उठून आत गेलो, ते तिचे प्रारब्ध नव्हते. ते माझे क्रियमाण होते, आणि त्याचे फळ माझ्या खाती आहे.

आपल्या जिल्ह्यात नेवाशाला तो खांब उभा आहे, ज्याला टेकून माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, गीतेवरील टीका सांगितली. तिच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांचा विस्तार आहे. क्षांती, म्हणजे सहनशीलता, हे त्यांतलेच एक लक्षण. पण ते चौथे आहे. पहिले लक्षण, मानाची इच्छा नसणे. दुसरे, दंभ नसणे. तिसरे, अहिंसा. मग क्षांती. हा क्रम मी विद्यार्थीदशेत पाठ केला, शेकडो वेळा सांगितला, आणि त्या बाकावर बसून उलटा केला. मान मिळाला तो घेतला. चार गोष्टी जाणत असल्याचा आव आणला. एका उपाशी जिवाला माझ्यामुळे पीडा झाली. आणि उपदेश मात्र चौथ्या लक्षणाचा, तोही दुसऱ्याला. पहिली तीन ज्याने थांबविले त्याने पाळावयाची, तेव्हा कोठे जो थांबला त्याच्यापुढे चौथीचे नाव काढता येते.

आता म्हातारीच्या विटेकडे वळू. भगवंत दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. त्याने देवाला थांबविले, हे खरे. तेव्हा थांबविणे हे प्रत्येक वेळी पापच असते असे नाही. पण त्याने काय काय केले ते पाहा. तो स्वतः रिकामा बसला नव्हता. ज्याची गरज मोठी त्याची सेवा करीत होता. का थांबावयाचे ते त्याने सांगितले. आणि उभे राहावयास वीट टाकली. कारण, शब्द आणि जागा, एवढे दिल्यावर थांबलेला देव रागावला नाही. त्या थांबण्यातच तो रमला. आपण कीर्तनात देवाच्या उभे राहण्याचे वर्णन करतो, आणि पुंडलिकाने टाकलेल्या विटेची केवळ शोभा सांगतो. तिच्यात थांबविणाऱ्याचा सगळा धर्म आहे, हे मला त्या दिवसापर्यंत दिसले नव्हते.

अपघातातला मनुष्य आला, त्याच्यासाठी सर्वांनी थांबावयाचे, ही पुंडलिकाची सेवा झाली. "एक जखमी आला आहे, दोन तास लागतील," असे सांगितले असते तर त्या बाकावरचा एकही मनुष्य तक्रार करता ना. ती म्हातारी तर टाळी वाजवून पांडुरंगाला त्या जखमीसाठी आळविती. मोठ्या गरजेसाठी थांबणे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही. त्यांचा जीव कासावीस होतो तो न कळण्याने. किती वेळ, कशासाठी, माझ्या आधी कोण, आणि माझ्या नंतरचा पुढे कसा गेला, हे कळत नाही तेव्हा एक तास चार तासांएवढा होतो.

थांबविलेल्याचे देणे लागते, हे ज्याने स्पष्ट मान्य केले असा एक मोठा अधिकारी आपल्या शास्त्रांत आहे, आणि तो आहे यमराज. कठोपनिषदात नचिकेता त्याच्या दारी गेला तेव्हा यम घरी नव्हता. तीन रात्री तो मुलगा अन्नावाचून बसला. यम परत आला, आणि आपण कोण, हा पोर कोण, असे काही म्हणाला नाही. पाहुणा उपाशी राहिला तर घरच्याचे पुण्य, संतती, गोधन सारे जाते, त्याची आशा आणि प्रतीक्षाही जाते, हे त्याने ऐकून घेतले, त्याला नमस्कार केला, आणि तीन रात्रींबद्दल तीन वर दिले. रात्रीमागे एक. मृत्यूच्या देवाने थांबविल्याचा हिशोब मोजून चुकता केला. त्याला काम थोडे होते असे तर कोणी म्हणणार नाही.

"काम फार आहे," हे उत्तर मात्र आपल्याकडे सर्वत्र मिळते, आणि ते खोटे नसते. एका डॉक्टरामागे शंभर माणसे, भूल देणारे डॉक्टर या रुग्णालयातून त्या रुग्णालयात धावणारे, दोन ऑपरेशनांच्या मध्ये हत्यारे शुद्ध करावयाची, कोणाचा रक्तदाब ऐन वेळी वाढलेला. हे सर्व मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. सिस्टर सकाळपासून एकदाही बसल्या नव्हत्या. त्यांनी तरी कोठे चहा घेतला होता? तेव्हा त्यांच्यावर ओरडणे हा उपाय नव्हे. पण आठही जणांना सातच वाजता का बोलावितात, याचा विचार करा. आतले टेबल क्षणभरही रिकामे राहू नये, म्हणून बाहेर माणसे आधीपासून भरून ठेवतात. डॉक्टरांचा वेळ वाया जाऊ नये ही इच्छा चांगली. परंतु तो वाचविण्यासाठी आठ गरिबांचा दिवस खर्ची पडतो, तो खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. तो ऊसतोडीच्या मुकादमाच्या वहीत मात्र लिहिला जातो, खाडा म्हणून.

उपचार करून त्याच दिवशी घरी पाठविण्याची ही रीत निघाली तीच मुळी रुग्णाच्या सोयीसाठी. ग्लासगो शहरात जेम्स निकोल नावाचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी दहा वर्षांत मुलांच्या ८,९८८ शस्त्रक्रिया बाह्यरुग्ण विभागात केल्याचे १९०९ साली प्रसिद्ध केले. त्यांत हर्नियाची मुलेही होती. मुलांना ते त्याच दिवशी घरी पाठवीत, कारण लहान मुलाची शुश्रूषा आईसारखी दुसरे कोणी करू शकत नाही, असे त्यांचे मत होते. आपण ज्याला माउली म्हणतो तिचे महत्त्व त्या दूरदेशीच्या वैद्याने ओळखले. जी रीत आईच्या कुशीत लवकर पोचविण्यासाठी निघाली, तिच्यात फरशीवर दिवस जाऊ लागला, तर रीतीचा हेतू विसरला गेला असे म्हणावे लागते.

व्यवस्थेने हे सुधारते, याचे दाखले आपल्या देशात आहेत. मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली अकरा खाटांवर नेत्ररुग्णालय सुरू केले. तेथे डॉक्टरांजवळ दोन टेबले असतात. एकावर मोतीबिंदू निघत असता दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार होतो, आणि डॉक्टर फक्त वळतात. गर्दी आपल्यापेक्षा कमी नाही, पण क्रम बांधलेला आहे. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम आरंभिले. खेड्यातल्याच बायांना, त्यांत निरक्षर बायाही, त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले, म्हणजे लहानसहान दुखण्यासाठी कोणाला दूरच्या दारात बसावयास नको. त्या कामाला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आधी थांबणाऱ्याकडे पाहिले, मग व्यवस्था केली, एवढेच या दोन्ही ठिकाणी घडले.

आता पाण्याविषयी. हा विषय एकादशी करणाऱ्यांना चांगला समजेल. भूल देण्यापूर्वी पोट रिकामे लागते, हे थोतांड नाही. भुलीत पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले तर प्राणावर बेतते. आपला सुश्रुतही काही शस्त्रकर्मे उपाशीपोटीच करावयास सांगतो. मात्र इतर वेळी रुग्णाला आधी खाऊ घालावे, म्हणजे त्याला घेरी येणार नाही, असेही तोच सांगतो. पुढे "रात्री बारानंतर काही नाही" असा सरसकट नियम रूढ झाला, कारण कोणाचा क्रम केव्हा लागेल याची खात्री नसे. अलीकडे भूलशास्त्रानेच तो नियम बारकाईने पाहिला. हलक्या अन्नापासून सहा तास आणि साध्या स्वच्छ पाण्यापासून दोन तास गेले असले तर बहुतेक रुग्णांना पुरते, असे अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेने १९९९ साली प्रसिद्ध केले. ज्याचा आजार वेगळा, त्याचा नियम डॉक्टर वेगळा ठरवितात.

हे मला माझ्या डॉक्टरांनी समजावले, आणि ऐकता ऐकता भागवताच्या नवव्या स्कंधातील अंबरीष राजा डोळ्यांपुढे उभा राहिला. द्वादशीचे पारणे करावयाचे, आणि अतिथी दुर्वास ऋषी यमुनेवर स्नानाला गेलेले. द्वादशी संपावयास अर्धा मुहूर्त, म्हणजे चोवीस मिनिटे, उरली. ऋषी येत नाहीत. जेवावे तर अतिथीचा अपमान, न जेवावे तर व्रतभंग. राजाने जाणत्या ब्राह्मणांना विचारले. ते म्हणाले, पाणी प्यावे. पाणी पिणे हे जेवणेही आहे आणि न जेवणेही आहे. राजाने पाणी घेतले. दुर्वास आले, आणि आपल्या उशिराबद्दल एक शब्द न बोलता त्या घोटभर पाण्यासाठी संतापले. पुढे सुदर्शन त्यांच्या मागे लागले, तिन्ही लोक हिंडूनही आसरा मिळाला नाही. विष्णूनेसुद्धा, मी भक्तांच्या अधीन आहे, तू अंबरीषाकडेच जा, असे सांगितले. ते वर्षाने परतले, तोपर्यंत राजा केवळ पाण्यावर त्यांची वाट पाहत होता.

या कथेत थांबणारा आणि थांबविणारा दोघेही थोर आहेत. देवाने बाजू कोणाची घेतली, ते पाहण्यासारखे आहे. आणि त्या सभेत विचारावयास जाणते होते, राजाने विचारले, त्यांनी विचार करून उत्तर दिले, हे त्याहून पाहण्यासारखे आहे. नगरच्या त्या ओसरीत म्हातारीने पाणी मागितले तेव्हा आत जाऊन जाणत्याला विचारणारा कोणी नव्हता. मी विचारू शकलो असतो. माझे वजन होते. पण ते मी स्वतः आत जाण्यासाठी खर्च केले.

आणखी एक शंका उरते, ती आपल्या बारीची. "बारीत वीस-वीस तास उभे राहणारे तुम्ही, रुग्णालयात चार तासांचे एवढे काय?" याचे उत्तर प्रत्येक वारकऱ्याला अनुभवाने ठाऊक आहे. बारीत मी आपल्या इच्छेने उभा असतो. मुखी नाम असते. कोणी पाणी देतो, कोणी चहा देतो. माझ्यापुढे किती आहेत ते डोळ्यांना दिसते. आणि दर्शन होणार हे नक्की असते. तरीही बाजूच्या दाराने कोणी वजनदार मनुष्य आत गेला की बारीतल्या जिवाला काय वाटते, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवशी मी बाजूच्या दाराने गेलेला मनुष्य होतो.

माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाज-आरतीला जे घडते ते आठवा. चोपदार आपला चोप उंच करतो, आणि हजारो टाळ एका क्षणात स्तब्ध होतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा करतो. मग आरती होते. लाखांच्या समुदायात एका दिंडीचा टाळ ऐकू येतो, कारण बाकीचे गप्प बसतात आणि ऐकणारा चालत जातो. रुग्णालयात असा एक चोपदार नेमावा, एवढेच माझे मागणे आहे. त्याला वैद्यक येण्याची गरज नाही. त्याने तासातासाला बाहेर यावे, आत काय चालले आहे ते सांगावे, क्रम सर्वांना दिसेल असा फळ्यावर लिहावा, कोणाला घेरी येते, कोणाला साखर आहे, कोणाला पाणी चालेल, हे आत जाऊन विचारावे. पैसा फारसा लागत नाही. आणि फरशीवर बसलेल्यासाठी एक बाकडे, ती झाली वीट.

आपल्या बाजूनेही काही धर्म आहे. गुपचूप चहा घेऊन उपाशी आहे असे सांगू नये. त्यात आपलाच घात आहे. न विचारता पाणीही पिऊ नये, पण विचारावयास लाजू नये. साखरेचा आजार असेल तर आदल्या दिवशीच सांगावे. ओळखीने पुढे नेऊ लागले तर एकच विचारावे, "माझ्यापुढे कोण आहे?" हा प्रश्न मी विचारला असता तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

आठ दिवसांनी टाके दाखवावयास मी गेलो तो मुद्दाम सकाळी सातला गेलो. म्हातारी आणि नातू आले होते. या खेपेला मी आत जाऊन भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिच्या साखरेचे सांगितले, तिचा क्रम विचारला, आणि बाहेर येऊन तिला सांगितला: अकरा वाजता. डॉक्टरांच्या परवानगीने तिने सात वाजता कपभर पाणी घेतले. अकराला दहा मिनिटे असता तिला बोलावणे आले. नातवाला मी दोन दिवसांच्या खाड्याचे पैसे देऊ केले. मला वाटले तो नको म्हणेल. त्याने ते घेतले, मोजले, आणि खिशात ठेवले. मला बरे वाटले. यमानेही वर मोजूनच दिले होते.

आता माझ्यापुरते सांगतो. सप्ताहात कीर्तनाची वेळ नऊची असली म्हणजे यजमानाच्या घरी चहा, सत्कार, मंडळींशी बोलणे, यांत साडेनऊ सहज होत. मंडपात दिवसभर रानात राबलेली माणसे जांभया देत बसलेली असत, आणि मी उभा राहून त्यांना देवाच्या उभे राहण्याचे माहात्म्य सांगत असे. तो अर्धा तास कोणाचा होता, असे मी कधी मनाला विचारले नव्हते. आता पावणेनऊला मी मंडपात असतो. कधी गाडी बिघडली, उशीर झालाच, तर आधी निरोप पाठवितो, आणि उभा राहिल्यावर पहिल्याने उशिराचे कारण सांगतो, अभंग त्यानंतर. लोकांना याचे नवल वाटते. एका गावी एकाने विचारले, "महाराज, एवढी घाई कशाची?" मी म्हणालो, "पाथर्डीकडच्या एका माउलीचे देणे आहे, ते थोडे थोडे फेडतो आहे."

रामकृष्ण हरि.